मृग लागतो तो कुठे?

जून महिना आला की मावळात घरोघरी एकच बोलणे असते. "मृग लागला का?" "लागला की! कालच लागला." ७ जूनला नाही तर ८ जूनला मृग लागतो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. मग बियाण्याची पोती माळ्यावरून खाली येतात. राब भाजून झालेला असतो. माणसे आभाळाकडे बघू लागतात.

पण मंडळी, मृग लागतो म्हणजे काय होते? तो कुठे लागतो? जून महिन्यात रात्री कुणी मृगाचे तारे पाहिले आहेत का?

वडिवळ्याच्या काही मंडळींना ह्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत, एका अंधाऱ्या घुमटाखाली मिळाले. ते कसे मिळाले, ते आता वाचा.

वडिवळे हे नाणे मावळातले गाव. कामशेत हे त्याचे जवळचे स्टेशन. गावाला धरण आहे, भाताची खाचरे आहेत, चहूबाजूंनी डोंगर आहेत. रात्री दिवे मालवले की चांदणे असे दाट दिसते, की शहरातल्या माणसाला त्याचा हेवा वाटावा. अशा गावची माणसे चांदण्या बघायला मुंबईला गेली. आहे की नाही गंमत!

काही वर्षांमागची गोष्ट. मे महिना होता. प्रौढवर्गाच्या गुरुजींनी सहल काढली. बाया होत्या, बापये होते, दोनचार पोरेही होती. कामशेतला लोकल धरली. लोणावळ्याला गाडी बदलली. घाट उतरून सगळे दादरला पोचले. तिथून वरळी.

वरळीला नेहरू तारांगण आहे. ३ मार्च १९७७ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. इमारत गोल आहे. वर मोठा पांढरा घुमट. तिकिटे काढून मंडळी रांगेत उभी राहिली.

रांगेत एक आजोबा होते. वय सत्तरीच्या पुढे. प्रौढवर्गात येऊन ते सही शिकले, मग कॅलेंडर वाचायला शिकले. कॅलेंडरमधले नक्षत्र आता त्यांना दुसऱ्याला विचारावे लागत नसे. त्याचा त्यांना मोठा अभिमान. त्यांचा मुलगाही सोबत होता. बापलेकांचे एका गोष्टीवरून दर वर्षी वाजे. बाप म्हणे, "मृगावर भात टाकायचा म्हंजे टाकायचा. माझा बा टाकायचा, त्याचा बा टाकायचा." मुलगा म्हणे, "आबा, जमीन ओली झाल्याबिगर बी टाकू नका." एका वर्षी आबांनी ऐकले नाही. मृगाच्या दिवशी कोरड्या मातीत, धूळवाफेवर, बी पेरले. एक सर आली. बी रुजले, कोंब वर आले. मग पंधरा दिवस ढगच फिरकले नाहीत. कोवळे कोंब उन्हात करपून गेले. दुसऱ्यांदा बियाणे आणावे लागले, तेही उधारीवर. त्या दिवसापासून घरात मृगाचे नाव निघाले की दोघे गप्प होत.

रांग पुढे सरकेपर्यंत गुरुजींनी तारांगणाची माहिती सांगितली. ती थोडक्यात अशी. घुमटावर तारे उमटवणारे यंत्र जर्मनीतल्या झाइस नावाच्या कारखान्याने बनवले. १९२३ साली म्युनिक शहरातल्या संग्रहालयात ते पहिल्यांदा चालवून पाहिले. १९२५ पासून ते लोकांना पाहायला मिळू लागले. आपल्याकडे पुण्याला टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच तारांगण झाले. कलकत्त्याचे बिर्ला तारांगण त्यानंतरचे. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याने ह्या बाबतीत मोठमोठ्या शहरांच्या आधी नंबर लावला होता.

यंत्र कसे चालते? जुनी तऱ्हा समजायला सोपी आहे. एक पोकळ गोळा घ्या. त्याला जागोजाग बारीक भोके पाडा. आत एकच प्रखर दिवा लावा. भोकांतून उजेडाच्या बारीक तिरप्या बाहेर पडतात आणि घुमटावर ठिपके उमटतात. भोक मोठे, तर तारा ठळक. भोक बारीक, तर तारा मंद. भोके मात्र आभाळातल्या ताऱ्यांच्या जागा मोजूनमापून पाडावी लागतात. गोळा फिरवला की तारे उगवतात आणि मावळतात. मोठ्या यंत्रात भिंगे असतात. सूर्य, चंद्र, मंगळ, गुरू यांच्यासाठी वेगळी सोय असते, कारण ते ताऱ्यांमधून आपली जागा बदलत जातात. वरळीला पहिल्यांदा झाइसचेच यंत्र होते. २००३ साली तिथे संगणकावर चालणारे यंत्र आले.

दार उघडले. सगळे आत गेले. खुर्च्या मागे रेलणाऱ्या होत्या. एक आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि खुर्ची मागे गेली तशी "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. सगळे हसले. मग दिवे मंद होऊ लागले. घुमटाच्या कडेला मुंबईच्या इमारतींच्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. पश्चिमेला सूर्य टेकला, तांबडे फुटले, आणि सूर्य बुडाला. अंधार वाढला. एक चांदणी दिसली. मग दुसरी. मग चार. मग एकदम सारे आभाळ भरून आले.

कुणी बोलेना. एक लहान पोर रडायला लागले, त्याला आईने पोटाशी धरले. आजी हळूच म्हणाल्या, "आपल्या गावावानीच दिसतंय की!"

आजींचे बोलणे खरे होते. मुंबईच्या माणसाला असे आभाळ आता घुमटाखालीच बघावे लागते. रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेड वर जातो, हवेतल्या धुळीवर पसरतो आणि बारीक तारे त्यात बुडून जातात. म्हणून त्या अंधारात शहरातली माणसे "अहाहा!" करत होती आणि वडिवळ्याची माणसे ओळखीची चांदणी शोधत होती. "ती बघ बाज," असे कुणी म्हणाले. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना पुष्कळ ठिकाणी बाज किंवा खाट म्हणतात. बोलणाऱ्या आवाजाने सप्तर्षी दाखवले, तेव्हा आपली बाज तीच, हे पाहून मंडळींना बरे वाटले.

मग मृग दाखवला. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे, ते मृगाचे पाय. मध्ये तिरक्या ओळीत तीन तारे, तो त्याच्या पोटात रुतलेला बाण. वरच्या अंगाला तीन बारीक तारे जवळजवळ, ते मृगाचे शीर्ष, म्हणजे डोके. बाणाची ओळ खाली वाढवत नेली की एक फार तेजस्वी तारा लागतो. तो व्याध. त्यानेच बाण मारला, अशी आपल्याकडची गोष्ट आहे. रात्रीच्या साऱ्या ताऱ्यांत व्याध सर्वांत तेजस्वी.

आबांनी तो मृग पुन्हा पुन्हा पाहिला. मग मुलाच्या कानाशी बोलले, "हा तर थंडीत दिसतो. सुगी सरल्यावर. जूनमध्ये म्या कधी पाहिला न्हाई."

आता नीट ध्यान द्या. ह्याच्या पुढे जे झाले ते तारांगणाबाहेर कुठेही बघायला मिळत नाही.

यंत्राने दिवस उगवला. घुमटावर निळे आभाळ आले, सूर्य वर चढला. तारे नाहीसे झाले. मग त्या यंत्राने सूर्याची झळाळी काढून घेतली. सूर्य होता तिथेच राहिला, पण आभाळ काळे झाले आणि भर दुपारी सगळे तारे दिसू लागले! सूर्य ताऱ्यांच्या मधोमध बसलेला.

दिवसाही तारे आपल्या जागी असतातच. ते कुठे जात नाहीत. सूर्याचा उजेड हवेत विखुरतो, सारे आभाळ त्याने उजळते, आणि त्या उजेडात तारे दिसत नाहीत. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे दिवसाही आभाळ काळेच. आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहणात काही क्षण असे होते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकातून खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा ज्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या त्यांना ही दुर्मीळ संधी पुन्हा मिळाली नसेल. (ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, त्यासाठी खास चष्मा लागतो, हे मात्र खरे.)

घुमटावर आता दिवस भरभर पुढे सरकू लागले. सूर्य ताऱ्यांमधून हळूहळू पूर्वेकडे चालला. कृत्तिकांचा झुबका मागे पडला. मग तांबूस रोहिणी मागे पडली. ८ जून आला. सूर्य रोहिणीच्या पुढे निघून मृगाच्या डोक्याकडे आलेला होता. भर दुपारी सूर्य डोक्यावर, आणि त्याच्या जरा दक्षिणेला तो मृग, चारी पाय, पोटातला बाण, सगळा पसरलेला.

आबा खुर्चीतून अर्धे उठले. "आरं, ह्यो हितं लागतो व्हय!"

पुढच्या रांगेतली माणसे मागे वळून बघू लागली. आबांना त्याचे भान नव्हते.

खेळ संपला. दिवे लागले. बाहेर दालनात चित्रे होती, ग्रहांचे नमुने होते. वजनाचे काटेही होते. चंद्रावर तुमचे वजन किती, मंगळावर किती, ते काटे सांगत. चंद्रावर सहावा हिस्सा. इथे जो ६० किलो, तो तिथे १०. आजींना हे फार आवडले. "मंग माझं गुडघं तिथं दुखायचं न्हाईत," त्या म्हणाल्या. गुरू ग्रहावर मात्र वजन सुमारे अडीच पट भरते, हे कळल्यावर त्या काट्यावरून लगेच खाली उतरल्या. बाकीच्यांनीही वजने करून पाहिली. पण आबा भिंतीला टेकून उभे होते.

सगळे बाहेर अंगणात सावलीला बसले. भाकऱ्या सोडल्या. तिथे आबांनी गुरुजींना विचारले, "गुरुजी, मंग मृग लागला म्हंजे सूर्य मृगापाशी आला, इतकंच व्हय?"

"इतकंच, आबा," गुरुजी म्हणाले. "आभाळात सूर्याची एक वाट आहे. त्या वाटेचे आपल्या लोकांनी २७ भाग पाडले. एकेक भाग म्हणजे एकेक नक्षत्र. सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला साधारण साडेतेरा दिवस लागतात. म्हणून मृगानंतर पंधरवड्याने आर्द्रा, मग पुनर्वसू, मग पुष्य."

"तरणा आणि म्हातारा," आबा म्हणाले. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

"कॅलेंडरात रोजच्या चौकटीत नक्षत्र असतं, ते चंद्राचं," गुरुजी पुढे म्हणाले. "चंद्र रोज एक नक्षत्र ओलांडतो. पावसाची नक्षत्रं सूर्याची. दोन्हींची गल्लत करू नये. आणि आबा, सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र दिवसा आभाळात असतं, सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं. म्हणून मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही."

इथे आपण थोडे थांबू. आपल्या वाडवडिलांची हुशारी कशात होती, ते बघा. आपले महिने चंद्राचे. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरते. म्हणून मधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तो त्याचसाठी. त्यामुळे ज्येष्ठ महिना कधी लवकर येतो, कधी उशिरा. ज्येष्ठावर पेरणी ठरवली असती तर फजिती झाली असती. मृग मात्र सूर्याचा. तो दर वर्षी ७-८ जूनलाच येतो. ज्या काळी घरात छापील कॅलेंडर नव्हते, त्या काळी ऋतू ओळखायला ह्याहून चांगली खूण नव्हती. नक्षत्रांना नावे ठेवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

पण खूण ती खूण. कामशेतच्या रस्त्यावर मैलाचा दगड असतो. तो दगड दिसला की कामशेत जवळ आले असे आपण समजतो. त्या दगडाने कामशेत आणलेले नसते. तसेच मृगाच्या ताऱ्यांचे. ते फार फार दूर आहेत. त्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला शेकडो वर्षे लागतात. पाऊस आणण्याशी त्यांचा काही संबंध नाही. पाऊस येतो तो सूर्यामुळे, वाऱ्यामुळे आणि समुद्रामुळे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो. वडिवळ्यात मेच्या मध्यावर तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जमीन तापते. तापलेली हवा वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरचे ओले वारे येतात. ते सह्याद्रीला अडतात, वर चढतात, निवतात आणि पाऊस पडतो. म्हणून घाटमाथ्यावर पाऊस धो धो. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक. त्याच पुणे जिल्ह्यात बारामतीला पाचशेच्या आसपास. नक्षत्र दोन्हीकडे एकच!

आबांच्या मुलाने मग वाहनाचा विषय काढला. पंचांगात दर नक्षत्राचे वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, गाढव आले की कमी, असे लोक बोलतात. "गुरुजी, हे वाहन कोण ठरवतं?"

गुरुजींनी काडीने मातीत हिशोब मांडला. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे. आलेल्या आकड्याला ९ ने भागायचे. बाकी १ उरली तर घोडा, २ उरली तर कोल्हा, ३ तर बेडूक, ४ तर मेंढा, ५ तर मोर, ६ तर उंदीर, ७ तर म्हैस, ८ तर गाढव. बाकी शून्य, तर हत्ती. झाले वाहन!

मंडळी त्या हिशोबाकडे बघत राहिली. भागाकार त्यांना प्रौढवर्गात नुकताच शिकवला होता. एक बाई म्हणाल्या, "ह्यात ढग कुठं हाये?" त्यांनी बरोबर बोट ठेवले. ह्या भागाकारात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. शंभर वर्षांनंतरचे वाहनही आजच काढून ठेवता येईल. पाऊस असा काढून ठेवता येत नाही.

"आणखी एक," गुरुजी म्हणाले. "ही खूणसुद्धा जागेवरून सरकते."

हे जरा अवघड आहे. सावकाश वाचा. पोरे भोवरा फिरवतात. भोवरा गरगर फिरत असतो, आणि फिरता फिरता त्याचे डोकेही हळूहळू गोल डोलते. पृथ्वी तशीच आहे. ती रोज स्वतःभोवती फिरते आणि शिवाय तिचा आस अगदी सावकाश डोलतो. एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. ह्या डोलण्यामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांची जोडी हळूहळू सुटत जाते. सुमारे ७० वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो.

एक दिवस म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण दाखला बघा. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत दोनतीन दिवस सरकली. मृगही तसाच सरकतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी मृग मेच्या मध्यावर लागत असे. आणखी काही हजार वर्षांनी तो भर पावसाळ्यात लागेल. पाऊस मात्र सूर्याच्या मागे येणार, नक्षत्राच्या मागे नाही.

ह्या सरकण्यावर लोकमान्य टिळकांनी एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. त्याचे नाव 'ओरायन'. ओरायन म्हणजे इंग्रजीत मृग. ते १८९३ साली छापले. वसंतात दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हा सूर्य एके काळी मृगापाशी असे, अशा खुणा त्यांनी वेदांत शोधल्या आणि तो काळ सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. त्यांनी केलेला वेदांचा काळ सर्व पंडितांना पटला नाही. पण सूर्य त्या काळी वसंतात मृगापाशी असे, हे गणित बरोबर आहे. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची शाळा १८८० साली सुरू झाली, तिच्या संस्थापकांत टिळक होते. त्याच नावाच्या शाळेत पुढे तारांगण झाले, हे पाहून त्यांना संतोष वाटला असता.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. भाकरी तशीच हातात होती. मग म्हणाले, "म्हंजे माझा बा चुकला व्हय?"

मुलगा खाली बघत होता. गुरुजींनी विचार करून उत्तर दिले. "नाही आबा. तुमच्या वडिलांना वेधशाळेचा अंदाज रेडिओवर मिळत नव्हता. त्यांनी हाती होती ती खूण धरली. आणि ते मृगावर पेरत, ते नुसतं तारीख बघून पेरत का? आठवून सांगा."

आबा आठवू लागले. "न्हाई. पहिला पाऊस झाला का रानात जाऊन माती उकरून बघायचा. मूठ आवळून बघायचा. गोळा झाला तरच बी काढायचा." आणि ते थांबले. मग मुलाकडे वळून एवढेच म्हणाले, "घे, भाकरी खा."

ह्यानंतरच्या दोन वर्षांचे पाऊस सगळ्यांना आठवत असतील. २०२३ साली मृग ८ जूनला लागला. मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला, त्याच दिवशी तो दिल्लीतही पोचला. मृगाच्या दिवशी ज्यांनी कोरड्यात बी टाकले, त्यांचा जीव टांगणीला लागला. २०२५ साली उलट झाले. २६ मे रोजीच पाऊस मुंबईत हजर. मृग लागायला अजून बारा-तेरा दिवस होते. एका वर्षी पाऊस मृगाच्या मागे सतरा दिवस, दुसऱ्या वर्षी पुढे तेरा दिवस. मृगाची तारीख मात्र दोन्ही वर्षी तीच.

कोरडवाहू पिकांसाठी कृषी खाते सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका. भाताच्या रोपाला ज्यांच्याकडे विहिरीचे किंवा धरणाचे पाणी आहे, त्यांनी पाऊस लांबला तर त्या पाण्यावर रोप जगवावे. ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांनी सगळे बी एका दिवशी मातीत घालू नये. हवामान खात्याचा अंदाज रोज रेडिओवर आणि मोबाइलवर मिळतो. तोही कधी चुकतो. पण तो ढग आणि वारा बघून केलेला असतो.

आबांनी पंचांग टाकून दिले नाही. मृगाच्या दिवशी ते अजून औताला हळदकुंकू लावतात. बी मात्र मुलगा म्हणेल तेव्हा निघते. दोघे मिळून रानात जातात आणि मूठ आवळून बघतात.

तुम्हांला तारांगण बघायचे असेल तर गावातून पाचदहा जणांनी मिळून जावे. निघण्यापूर्वी फोन करून खेळाची वेळ आणि सुट्टीचा वार विचारावा. मराठी खेळ कधी आहे तेही विचारावे. नाही तर इतक्या लांबून जाऊन न समजणारी भाषा ऐकत बसावे लागते. लहान पोरांना अंधाराची कल्पना आधी द्यावी.

घरच्या घरी पोरांसाठी छोटे तारांगण करता येते. पत्र्याचा रिकामा डबा घ्या. तळाला मृगाचे तारे कोळशाने काढा. बारीक खिळ्याने भोके पाडा, व्याधाचे भोक जरा मोठे ठेवा. अंधाऱ्या खोलीत डब्याच्या आत बॅटरी धरा आणि डबा भिंतीकडे करा. भिंतीवर मृग उमटेल. मात्र तो उलटा उमटला, म्हणजे डावी बाजू उजवीकडे गेली, तर तारे डब्यावर उलटे काढून पाहा.

आणि खरा मृग बघायचा तर ८ डिसेंबरच्या सुमारास बघा. त्या वेळी सूर्य मृगाच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. इकडे दिवस मावळतो आणि थोड्या वेळाने तिकडे पूर्वेला मृग उगवतो. जेवणे झाली की रात्री नऊ-दहाच्या सुमारास दिवे मालवून बाहेर या. दहा मिनिटे अंधारात थांबा, म्हणजे डोळे सरावतात. पूर्वेच्या डोंगरावर आधी बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या मागून, जरा दक्षिणेकडून, व्याध वर येतो. मध्यरात्री मृग माथ्याजवळ असतो. पहाटे भात झोडायला उठाल तेव्हा तो पश्चिमेला कललेला दिसेल.